वाघ, धनुष्यबाण, कमळ : चित्र बोलतं, पण कुणाच्या भाषेत?

सिल्वासा : साप्ताहिकाचं मुखपृष्ठ आणि मतदान यंत्रावरचं चिन्ह, दोघांचं काम एकच. मजकूर वाचायच्या आधी माणसाला बाजू घ्यायला लावायची.

बाळासाहेब ठाकरेंना हे पक्कं ठाऊक होतं. १३ ऑगस्ट १९६० ला 'मार्मिक' सुरू झालं. मुखपृष्ठावर त्यांचं व्यंगचित्र असायचं. स्टॉलवर उभ्या उभ्या बघितलं तरी आठवड्याचं राजकारण कळायचं. १९६६ मध्ये शिवसेना निघाली आणि वाघाची डरकाळी घरोघरी पोचली. गंमत म्हणजे वाघ हे पक्षाचं निवडणूक चिन्ह कधीच नव्हतं. मतपत्रिकेवर होता तो धनुष्यबाण.

हीच चित्रं आपल्याकडे आली की अर्थ बदलतो. मुंबईत वाघ म्हणजे दरारा. वारली पाड्यावर वाघ म्हणजे वाघदेव, ज्याला हात जोडायचे. धनुष्यबाण मुंबईकराला रामायणाची आठवण देतो, इथल्या आदिवासीला तो आपला तीरकामठा वाटतो. म्हणजे अर्धा अर्थ चित्र काढणारा घालतो, उरलेला बघणारा.

२०२१ ची पोटनिवडणूक आठवा. खासदार मोहन डेलकर यांच्या निधनानंतर कलाबेन डेलकर धनुष्यबाणावर उभ्या राहिल्या आणि ५१ हजारांहून जास्त मतांनी जिंकल्या. महाराष्ट्राबाहेर शिवसेनेचा तो पहिला खासदार. पण ते मत पक्षाला होतं, की डेलकर घराण्याला आणि लोकांच्या दुःखाला? नुसतं चिन्ह बघून हे सांगता येत नाही.

पुढे पक्ष फुटला. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने धनुष्यबाण शिंदे गटाला दिला, ठाकरेंच्या हाती मशाल राहिली. २०२४ मध्ये कलाबेन भाजपच्या कमळावर लढल्या आणि पुन्हा जिंकल्या. मतदारसंघ तोच, उमेदवार त्याच, चित्र तेवढं बदललं.

आपल्याकडे विधानसभा नाही. प्रशासकाच्या कारभारावर दिल्लीत प्रश्न विचारायला दादरा-नगर हवेलीचा लोकसभेतला निवडून दिलेला आवाज एकच. म्हणून पोस्टर असो की मुखपृष्ठ, तीन गोष्टी बघा : चित्र कुणी लावलं, ते आपल्या कुठल्या भावनेला हात घालतंय, आणि चित्रात काय दाखवलेलंच नाही. जमीन, रोजगार, कंपन्यांतल्या नोकऱ्या यांचं चिन्ह कुठल्याच यंत्रावर नसतं. ते उमेदवाराला तोंडानेच विचारावं लागतं.