विश्लेषण : कापूस बियाण्यांच्या दुकानात चुरस, मग मक्तेदारी कुठे?

खरीप तोंडावर आला की जालन्यापासून यवतमाळपर्यंत कृषी सेवा केंद्रांत कापूस बियाण्यांच्या पाकिटांची थप्पी लागते. कंपन्या अनेक, वाणांची नावेही अनेक. बाजारात मोठी स्पर्धा आहे, असेच कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात या बहुतेक पाकिटांतील बोंडअळीविरोधी जनुके एकाच कंपनीच्या प्रयोगशाळेतून आलेली आहेत. बड्या कंपन्यांची खरी सत्ता दुकानाच्या एक पायरी वर कशी असते, हे कापसाच्या उदाहरणावरून समजते.

एका कंपनीकडे किल्ली कशी आली?

अमेरिकेच्या मोन्सँटोने १९९८मध्ये जालन्याच्या ‘महिको’त २६ टक्के हिस्सा घेतला. दोघांनी मिळून ‘महिको मोन्सँटो बायोटेक’ स्थापन केली. मार्च २००२मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि २००६मध्ये दोन जनुकांचे ‘बोलगार्ड-२’ आले. या संयुक्त कंपनीचा मुख्य धंदा परवाने देण्याचा होता. सुमारे ४५ देशी कंपन्यांनी हे तंत्रज्ञान आपापल्या वाणांत घेतले आणि प्रत्येक पाकिटामागे ‘ट्रेट व्हॅल्यू’, म्हणजे तंत्रज्ञान शुल्क भरले. विक्रेत्यांचे कमिशन आणि जाहिराती यांवरून देशी कंपन्या एकमेकींशी झुंजत राहिल्या. त्यात कोणीही जिंकले तरी शुल्क एकाच गल्ल्यात जमा होत होते.

ही पकड केवळ पेटंटमुळे होती का?

नाही. पहिल्या ‘बोलगार्ड’चे भारतात पेटंटच नव्हते, तरीही खासगी करारांच्या जोरावर शुल्क वसूल झाले. दुसरे कारण संकरित वाणांचे. अमेरिका, चीन येथे कापूस प्रामुख्याने सरळ वाणांचा असतो. भारतात बीटी तंत्रज्ञान आले ते मुख्यतः संकरित वाणांतून. त्यांचे घरचे बियाणे पुढच्या वर्षी तसेच पीक देत नाही. त्यामुळे शेतकरी दर हंगामात दुकानात येणार, याची हमी बियाण्यातच होती.

जागतिक पातळीवर काय घडले?

डाऊ आणि ड्यूपाँट यांचे २०१७मध्ये विलीनीकरण झाले. त्यातून पुढे ‘कॉर्टेव्हा’ निघाली. त्याच वर्षी चीनच्या केमचायनाने सिंजेंटासाठी सुमारे ४३ अब्ज डॉलर मोजले. जून २०१८मध्ये बायरने सुमारे ६३ अब्ज डॉलरना मोन्सँटो विकत घेतली. नियामकांच्या समाधानासाठी बायरला बियाणे व्यवसायाचा काही भाग विकावा लागला, तो बीएएसएफने घेतला. आज जगातील निम्म्याहून अधिक व्यापारी बियाणे बाजार या चार कंपन्यांकडे आहे.

यांच्यातील स्पर्धाही वेगळीच. मोन्सँटो आणि ड्यूपाँट सोयाबीनच्या तंत्रज्ञानावरून अमेरिकेत कोर्टात भांडत होत्या. मार्च २०१३मध्ये त्यांनी दावे मागे घेतले आणि ड्यूपाँटने किमान १.७५ अब्ज डॉलर देऊन मोन्सँटोकडूनच परवाने घेतले. वैरी एकमेकांचे ग्राहक होतात. बाहेर राहतो तो नवा, लहान स्पर्धक.

सरकारने काय केले?

सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटाला १६०० रुपयांहून अधिक मोजावे लागत आणि त्यातले सुमारे १२५० रुपये शुल्काचे असत. २००६मध्ये आंध्र प्रदेशने मक्तेदारी आयोगात दाद मागितली आणि दर ७५० रुपयांपर्यंत खाली आणला. डिसेंबर २०१५मध्ये केंद्राने दर नियंत्रण आदेश काढला. मार्च २०१६मध्ये ‘बोलगार्ड-२’च्या पाकिटाचा दर ८०० आणि शुल्क ४९ रुपये ठरले. २०२०मध्ये शुल्क शून्यावर आले.

कंपनीनेही उत्तर दिले. २०१६मध्ये मोन्सँटोने तणनाशक सहन करणाऱ्या नव्या कापसाचा परवानगी अर्ज मागे घेतला. दुसरा पर्याय नसलेल्या देशात माघार हेही दबावाचे साधन ठरते.

स्पर्धा आयोगाचे काय झाले?

आयोगाने फेब्रुवारी २०१६मध्ये चौकशीचा आदेश दिला. प्रकरण न्यायालयात गेले. पेटंटधारकाच्या परवान्यांच्या अटींबाबत पेटंट कायदाच लागू होतो, असे सांगत दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३मध्ये आयोगाची कारवाई रद्द ठरवली. तोवर ‘बोलगार्ड-२’च्या पेटंटची मुदत संपून गेली होती. निकाल कोणाच्याही बाजूने लागो, वेळ बड्या कंपनीच्याच बाजूने असतो.

शेतकऱ्याच्या पदरात काय पडले?

पाकीट स्वस्त झाले, हा फायदा खरा. पण गुलाबी बोंडअळी ‘बोलगार्ड-२’ला दाद देईनाशी झाली. २०१७मध्ये विदर्भ, मराठवाड्यात तिने मोठे नुकसान केले. तोडीस तोड नवे तंत्रज्ञान अधिकृतपणे आलेच नाही. ती पोकळी बेकायदा ‘एचटीबीटी’ने भरली. जून २०१९मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने त्याची जाहीर पेरणी केली. या बियाण्याला ना पक्की पावती, ना उगवणीची हमी. फसवणूक झाली तर तक्रार करायची कोणाविरुद्ध?

मग मार्ग कोणता?

संशोधनाला पैसा लागतो आणि तो परत मिळाला नाही तर नवे काही येत नाही, हा कंपन्यांचा युक्तिवाद खोटा नाही. मात्र म्हणूनच जनुकापासून पाकिटापर्यंतची साखळी एकाच हाती सोडणे घातक ठरते. दर बांधल्याने मक्तेदाराचा नफा घटतो, प्रतिस्पर्धी तयार होत नाही. तो तयार करण्याची जागा सरकारी संशोधन संस्था. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा सहभाग असलेले ‘बिकानेरी नरमा बीटी’ हे सरळ वाण २००९मध्ये शेतात आले. त्याचे बियाणे घरी राखता येणार होते. मात्र त्यात मोन्सँटोच्या जनुकाचा अंश आढळला आणि त्याच वर्षी बीजोत्पादन थांबले. त्या अपयशातून पुन्हा उभे राहण्याएवढे बळ सार्वजनिक संशोधनाला मिळाले नाही, ही खरी हार.

दर आदेश दरवर्षी निघतो आणि त्यावर वादही होतो. सरकारी प्रयोगशाळेत कापसाच्या पुढच्या वाणावर किती खर्च होतो, यावर मात्र क्वचितच बोलले जाते. पाकिटावरचा दर सरकार ठरवेल. पाकिटात काय असावे हे ठरवण्याची ताकद कोणाकडे राहील, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.