पाकिटावरचा ससा नको, मागचा आकडा बघा!

शुक्रवारची रात्र. साडेनऊला तुम्ही ऑफिसमधून घरी पोचता. एरवी दार उघडताच पायात घुटमळणारे ससेभाऊ आज कोपऱ्यात पाठ करून बसलेत. वाटीतलं खाणं तसंच पडलंय, पिंजऱ्यात नवी लेंडी नाही. तुम्ही म्हणता, मूड नसेल, सोमवारी बघू. प्लीज, असं करू नका! सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं. दहा-बारा तास त्याने काहीच खाल्लं नाही, तर ती इमर्जन्सी असते. तडक व्हेट गाठा.

आणि तो बरा झाला की त्याच्या पेलेट्सचं पाकीट हातात घ्या. बऱ्याचदा गोची तिथेच असते. ससा ओंजळीत मावायचा तेव्हा दुकानदाराने जे पाकीट दिलं, तेच आज तो दोन वर्षांचा झाल्यावरही चालू असतं. वाढत्या वयात आपण चार वडापाव पचवायचो, आता दिवसभर खुर्चीत बसून तेच केलं तर काय होतं, हे आपल्या पॅंटला विचारा. सशाचंही तसंच आहे.

सहा-सात महिन्यांपर्यंत लसूणघासाचे, म्हणजे अल्फाल्फाचे, पेलेट्स मस्त. त्यात प्रोटीन आणि कॅल्शियम भरपूर. पण मोठा ससा जादा कॅल्शियम लघवीवाटे बाहेर टाकतो. ते फार झालं की मूत्राशयात गाळ साचतो, खडे होतात. म्हणून मोठ्या सशासाठी टिमोथीसारख्या गवताचे पेलेट्स घ्या.

दुकानात उभं असताना एवढं तपासा :

• फायबर : किमान १८ टक्के, २०च्या वर असेल तर उत्तमच.
• प्रोटीन : १२ ते १४ टक्के.
• कॅल्शियम : अर्धा ते एक टक्का.
• पहिला घटक : गवत. मका किंवा गहू पहिल्या नंबरावर असेल, तर पाकीट परत ठेवा.
• तारीख : ताजा माल बघा. पावसाळ्यात मोठी गोणी स्वस्त पडते म्हणून उचलू नका. दमट हवेत बुरशी धरते.

दाणे, रंगीत तुकडे, सुकी फळं घातलेलं मिक्स दिसायला एकदम सही! पण ससा त्यातलं गोड-गोड वेचून खातो आणि फायबरचे तुकडे शिल्लक ठेवतो. आपण नाही का, चिवड्यातले काजू आधी उचलत? सगळे दाणे एकसारखे असले की वेचायची सोयच राहत नाही. सशांच्या फार्मसाठीचं खाद्यही टाळा. ते पटापट वजन वाढवण्यासाठी बनवलेलं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा फंडा. पेलेट्स हे सशाचं जेवण नाही, ती ताटातली चटणी आहे! एका किलो वजनामागे दिवसाला जास्तीत जास्त २५ ग्रॅम. म्हणजे दोन किलोच्या सशाला ५० ग्रॅम, तेही सकाळ-संध्याकाळ विभागून. अंदाजपंचे मूठभर नको, किचनमधला काटा वापरा. बाकी पोट भरायचं ते वाळलेल्या गवताने, आणि ते चोवीस तास समोर हवं. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर. गवत चावूनच ते झिजतात, पेलेट्सचा भुगा व्हायला वेळ लागत नाही. वाटी काठोकाठ भरून ऑफिसला गेलात, तर तो गवताकडे ढुंकूनही बघणार नाही. जोडीला थोडी धुतलेली हिरवी पानं आणि स्वच्छ पाणी. बिस्किट आणि पाव अजिबात नको!

हे वाचून आजच्या आज जुनं पाकीट फेकू मात्र नका. अचानक बदल सशाच्या पोटाला झेपत नाही. जुन्यात थोडं-थोडं नवं मिसळत सात ते दहा दिवसांत पूर्ण बदला. रोज लेंड्यांकडे लक्ष ठेवा. गोल, सुक्या आणि भरपूर असतील तर ऑल इज वेल. कमी, बारीक किंवा पातळ झाल्या, तर पुन्हा व्हेट.

आपला ससा ‘पोट दुखतंय’ म्हणून फोन करू शकत नाही. त्याच्या वतीने लेबल वाचणं, एवढं तर आपण करूच शकतो ना?