नाट्यगृहाविना उभी असलेली रंगभूमी

सालेकसा तालुक्यातील कचारगडाच्या गुहेकडे माघ पौर्णिमेला गोंड समाजाची यात्रा लोटते, तेव्हा भोवतालच्या धानाच्या बांध्या रिकाम्या झालेल्या असतात. याच हंगामात गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत गावोगाव नाटकांचे मंडप उभे राहतात. तिकीट विकून रात्रभर चालणाऱ्या या झाडीपट्टी रंगभूमीला स्वतःची इमारत मात्र नाही. तिला पक्की नाट्यगृहे बांधून द्यावीत, हा विचार कोणालाही सहज सुचावा. तो सद्‌हेतूचा असला तरी तपासून घेणे अगत्याचे आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील डेनिस या लहानशा गावी १९२७ साली एका जुन्या प्रार्थनागृहाचे उन्हाळी नाट्यगृह झाले. तेथे प्रेक्षक सुटीसाठी बाहेरून येतो. म्हणून इमारत एका जागी असणे सोयीचे. झाडीपट्टीत गणित उलटे आहे. येथे प्रेक्षक गावचाच असतो आणि नाटक त्याच्याकडे चालत येते. पावसाळा रोवणीचा, उन्हाळा मोहफुले व तेंदूपाने वेचण्याचा. हाती पैसा व सवड असते ती धान निघाल्यावर. दिवसा शंकरपट किंवा मंडई आणि रात्री नाटक, हा क्रम त्यातूनच पडला.

वडसा येथील नाटक मंडळ्यांशी गावचे मंडळ आगाऊ रक्कम ठरविते. तिकीटविक्री मात्र अनिश्चित. अवकाळी पाऊस आला वा धानाचे पैसे वेळेवर मिळाले नाहीत, तर तोटा गावाच्या माथी. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा पटाबरोबर पटाला जमणारी गर्दीही गेली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या काळात करोनाने नाटकांचा हंगामच बुडविला. या संकटांपैकी एकही संकट इमारत नसल्यामुळे आलेले नव्हते.

तालुक्याच्या ठिकाणी बांधलेले नाट्यगृह वर्षातील बराच काळ बंद राहील, त्याची देखभाल नगरपंचायतीवर पडेल आणि खेड्यातील बायाबापड्यांना रात्री तेथवर पोहोचणे दुरापास्त होईल. भांडवल भिंतींत अडकेल. जोखीम होती तेथेच राहील. तोच पैसा मंडपाचा विमा, सुरक्षित वीजजोडणी, स्त्री-कलावंतांसाठी निवारा व स्वच्छतागृह आणि वृद्ध कलावंतांचे निवृत्तिवेतन यांवर खर्चणे अधिक शहाणपणाचे होय.

याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. सन्मान योग्यच; परंतु हंगाम संपताच शेतमजुरीकडे वळणाऱ्या असंख्य नटांचा प्रश्न त्याने सुटत नाही. ज्या रंगभूमीला आजवर गावाने जगविले, तिला छप्पर देण्याआधी तिचा तोटा वाटून घेण्याची तयारी शासनाने दाखवावी.