आगीला नव्हे, हेतूला शिक्षा

राष्ट्रध्वज जाहीरपणे जाळणाऱ्याला आपल्याकडे १९७१ च्या कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गंमत अशी की, जीर्ण झालेला ध्वज खासगीत, शक्यतो जाळूनच, सन्मानाने नष्ट करावा असे आपलीच ध्वजसंहिता सांगते. म्हणजे शिक्षा आगीला नाही, हेतूला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये हाही मुद्दा लक्षात घेऊन टेक्सासमध्ये अमेरिकी ध्वज जाळणाऱ्या ग्रेगरी ली जॉन्सनची शिक्षा ५ विरुद्ध ४ मतांनी चुकीची ठरवली. त्या पाचांत पक्के परंपरावादी न्यायमूर्ती स्कालियाही होते! तिथल्या काँग्रेसने घाईने ध्वज जाळण्याविरुद्ध नवा कायदा केला. तो पुढच्याच वर्षी न्यायालयात कोसळला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये नवीन जिंदाल खटल्यात ध्वज सन्मानाने फडकावणे हा अभिव्यक्तीचा मूलभूत हक्क मानला, अर्थात वाजवी निर्बंधांसह. तिरंगा जाळणे संतापजनकच. दुसऱ्याचा ध्वज हिसकावून पेटवला, तर चोरीची, नासधुशीची कलमे आहेतच. पण स्वतः विकत घेतलेल्या ध्वजाला निषेध म्हणून काडी लावणाऱ्याला तीन वर्षे गजाआड टाकणे हा अतिरेक आहे. संसदेने यातली कैद वगळून फक्त दंड ठेवावा.