हद्दीअलीकडचा दावेदार

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील केशोरीच्या परिसरात वनजमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या एखाद्या गोंड कुटुंबाचा दावा जिल्हास्तरीय समितीने नामंजूर केला, तर त्याने पुढे दाद कोठे मागावी, हा प्रश्न वरकरणी कायदेपंडितांचा भासला, तरी ज्याच्या कसत्या जमिनीवर अतिक्रमणाचा शिक्का बसतो त्याच्या लेखी तो उदरनिर्वाहाचाच असतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेपासून आरंभ होणारी चौकशी जिल्हास्तरीय समितीपर्यंत नेऊन तेथील निर्णय अंतिम ठरविला. या अंतिमतेतून वाट काढून देण्यासाठी महाराष्ट्राच्या राज्यपालांनी १८ मे २०२० रोजी संविधानाच्या पाचव्या अनुसूचीन्वये विभागीय समितीकडे अपिलाची तरतूद केली, परंतु ती अनुसूचित क्षेत्रापुरतीच. गडचिरोलीतील कुरखेड्याच्या आदिवासीस ते अपील आहे. गोंदिया जिल्हा त्या क्षेत्राबाहेर असल्यामुळे केशोरीच्या आदिवासीस नाही. जमात तीच, कायदा तोच, आणि केवळ जिल्ह्याच्या हद्दीमुळे न्यायाची एक पायरी नाहीशी व्हावी, हे मला सर्वथा अन्याय्य वाटते.

उरतो तो नागपूर खंडपीठापुढील रिट अर्ज. न्यायालयीन पुनर्विलोकनाचे मोल थोर आहे. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील नियमगिरी डोंगरावरील खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवविला आणि बाराही ग्रामसभांनी खाणीस नकार दिला, हे त्याच अधिकाराचे फळ होय. तथापि उच्च न्यायालय सामान्यतः निर्णयाची रीत तपासते, पुराव्याची छाननी नव्याने करीत नाही. आणि वडीलधाऱ्यांचे कथन नियमांनी पुरावा मानले असताही केवळ दप्तरी कागदाअभावी दावा फेटाळला गेला, तर ती चूक दुरुस्त करण्याची खरी जागा अपील हीच. नामंजुरीच्या मुळाशी रीतसर चौकशी नसेल तर काय ओढवते, ते दावे नामंजूर झालेल्यांच्या निष्कासनाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १३ फेब्रुवारी २०१९ च्या आदेशाने देशास दाखविले. त्याच महिन्याच्या २८ तारखेस त्या न्यायालयाने स्वतःच त्यास स्थगिती दिली.

अपिलाची तरतूद करण्याचा राज्यपालांचा अधिकार अनुसूचित क्षेत्राबाहेर चालत नाही, हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही. केशोरीच्या भागाचा अनुसूचित क्षेत्रात समावेश व्हावा असा प्रस्ताव राष्ट्रपतींकडे पाठविणे, अथवा अपिलाची तरतूद मूळ कायद्यातच व्हावी असा आग्रह केंद्राकडे धरणे, हे दोन्ही मार्ग राज्य शासनास मोकळे आहेत. आणि त्यांतील एक तडीस जाईपर्यंत नामंजुरीची कारणे दावेदारास लेखी मिळाल्यावाचून, व त्यावर दाद मागण्यास त्यास पुरेशी मुदत दिल्यावाचून, कोणाचाही कब्जा काढला जाऊ नये, असा स्पष्ट हुकूम जिल्हाधिकाऱ्यांनी आजच द्यावा.