सटवाई गेली, जीन आला!

परवा धाकट्या भावाचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं आटोपून दारव्ह्याच्या घरी ओसरीवर बसलो होतो. पुतण्या म्हणाला, "मोठे बाबा, बाबांचा कॅन्सर त्यांच्या जीन्समध्येच लिहिलेला होता. बिडी नसती ओढली तरी झालाच असता." सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्याबाई म्हणाल्या, "सटवाईनं लिवलं ते कोणाले चुकते, बाप्पा?"

आत्याबाईंचं मी समजू शकतो. पुतण्या मात्र एम.एस्सी. आहे. पाचवीच्या रात्री कपाळावर लिहिणारी सटवाई त्यानं हाकलली आणि तिच्या पाटावर जीन बसवला, एवढीच काय ती प्रगती!

मी मराठीचा बी.ए., विज्ञान कधी शिकवलं नाही. पण २०२४ चं वैद्यकाचं नोबेल अ‍ॅम्ब्रोस आणि रवकुन यांना कशासाठी मिळालं, ते नेटानं वाचून काढलं. एक मिलिमीटरच्या कृमीत त्यांना १९९३ साली जे दिसलं ते मला असं कळलं. जीन म्हणजे हेडमास्तरांच्या कपाटातलं रजिस्टर. त्यावरून नोटिशीची नक्कल निघते, वर्गावर जाते, तेव्हा कुठे काम होतं, म्हणजे प्रथिन तयार होतं. मायक्रोआरएनए नावाचा जेमतेम बावीस अक्षरांचा तुकडा त्या नकलेला चिकटतो आणि तिला वाटेतच अडवतो. रजिस्टरात लिहिलं म्हणून वर्गात वाचलं जाईलच असं नाही. शाळेत जन्म काढलेल्याला हे वेगळं सांगायला हवं का?

यातलाच एक लेट-७. रास नावाचा जीन पेशीला 'वाढ, वाढ' म्हणतो, त्याची नक्कल हा अडवतो. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा हाच कमी पडलेला असतो. ज्यांच्या गाठीत तो फार कमी, ते रुग्ण ऑपरेशननंतरही कमी जगले, असं जपानी संशोधकांना २००४ साली आढळलं. आणि २००९ च्या एका अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांच्या श्वासनलिकेत असे कितीतरी तुकडे घटलेले दिसले. म्हणजे धूर रजिस्टरात खाडाखोड करतोच, वर दारावरचा शिपाईही पळवतो!

बिडी न ओढणाऱ्यांनाही हा रोग होतो, मान्य. कुणाला जन्मतःच धोका थोडा जास्त, तेही मान्य. पण चाळीस वर्षं रोज एक बंडल ओढलेल्या छातीचा हिशेब जीनच्या खात्यावर कसा मांडता? 'आता यावर औषध निघेल' म्हणणाऱ्यांसाठी सांगतो : मायक्रोआरएनएचंच एक औषध माणसांवर तपासत होते. गंभीर दुष्परिणामांमुळे ती चाचणी २०१६ साली थांबवावी लागली.

आम्ही एकाच आईची लेकरं. तो अडुसष्टाव्या वर्षी गेला, मी शहात्तरचा आहे. (हा पुरावा नव्हे, एवढं मलाही कळतं.) त्याच्या बंडलाचे पैसे कित्येकदा मीच दिले आहेत. जीनची सबब मलाही सोयीचीच होती.

असो. आणि बाळा, तू हा ब्लॉग वाचतोस हे मला ठाऊक आहे. परवा ते बोलून झाल्यावर तू मागच्या अंगणात कशाला गेलास, ते ओसरीवरून दिसतं.