चढणीचे मासे आणि शनिवारची गोष्ट

मृगाचा पहिला दणदणीत पाऊस झाला की आमच्या गोंदियात अंड्यांनी पोट फुगलेले मासे विकायला येतात. गिऱ्हाईक पोट दाबून बघतं, अंडी असतील तर जास्त भाव देतं. त्या गिऱ्हाइकांत आपण मुसलमान कमी नाही. ही खरेदी आपण त्या दिवसांपुरती थांबवावी, एवढंच मला म्हणायचं आहे.

हे चढणीचे मासे. वर्षभर तलावात किंवा नदीच्या डोहात राहिलेला मासा पहिल्या पुरात उलट पाण्यात चढतो. तलावातून नाल्यात, नाल्यातून धानाच्या बांधीत. तिथल्या उथळ पाण्यात, गवतात अंडी घालतो. हा सगळा खेळ थोड्या दिवसांचा. त्या दिवसांत नाल्याच्या तोंडाशी जाळं लावलं तर पुढच्या वर्षाचा मासा आजच संपतो. काही ठिकाणी तर पाण्यात विजेचा करंट सोडतात, विष टाकतात. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, ती याच कारणासाठी.

आपला जिल्हा तलावांचा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने हे तलाव बांधले. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटलाने बांधला असं सांगतात. डोंगरांच्या मधली जागा हेरून पाळ घातली आणि जंगलातून येणारं पाणी अडवलं. म्हणजे तलाव जंगलावर जगतो. वर झाडं तुटली की खाली गाळ येतो. नवेगाव-नागझिऱ्याला २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. वाघासाठी बोलणारे पुष्कळ आहेत, आणि ते बरंच आहे. पण त्याच जंगलातल्या नाल्याने चढणाऱ्या माशाबद्दल कोणी बोलत नाही.

१९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले आणि गाळ काढण्याची, पाळ राखण्याची गावाची सवय हळूहळू सुटली. मग रोहू-कटल्याचं विकत आणलेलं बीज आलं, बेशरम वाढली, गावठी मासे कमी झाले. तरीही अर्जुनी मोरगाव भागात ढिवर समाजाच्या लोकांनी, विशेषतः बायकांनी, अभ्यासक मनीष राजनकर यांच्या सोबतीने तलावातली बेशरम उपटली, माशांना लागणाऱ्या स्थानिक पाणवनस्पती लावल्या. मासे परतले, पाठोपाठ पक्षीही. ज्यांचं पोट माशावर आहे त्यांनीच हे केलं, हे लक्षात ठेवा.

आता आपल्याकडे वळू. मासा म्हटलं की आपण एकच प्रश्न विचारतो, हलाल आहे ना? आहेच. इहरामच्या अवस्थेतही समुद्राची शिकार जायज आहे. इथे आपली चौकशी संपते. मी आलिम नाही, फतवा देत नाही. पण सूरह अल-आराफमधली शनिवारवाल्यांची गोष्ट आठवा. समुद्रकाठची वस्ती, शनिवारी मासेमारीला मनाई, आणि नेमके त्याच दिवशी मासे वर तरंगून यायचे. काहींनी मर्यादा मोडली. काहींनी त्यांना अडवलं. आणि तिसरे म्हणाले, यांना कशाला समजावता? अडवणारे वाचले, मोडणाऱ्यांना शिक्षा झाली. तिसऱ्यांचं काय झालं ते कुरआन सांगत नाही. मला त्या तिसऱ्या गटाची धास्ती वाटते, कारण आपली बहुतेक माणसं त्यातच बसतात.

पैगंबर मुहम्मद (स.) यांनी मदिन्याला हरम ठरवलं. तिथलं झाड तोडायचं नाही, शिकार करायची नाही. हिमा म्हणजे राखीव कुरणाची रीतही आपल्याकडे आहे. हजरत उमर (र.) यांनी हिमाच्या राखणदाराला बजावलं होतं की थोडी जनावरं असलेल्या गरिबाला आत येऊ दे, पण अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान यांच्यासारख्या श्रीमंतांची जनावरं नको. ही रिवायत सहीह बुखारीत आहे. आपल्याकडे मात्र राखणं म्हटलं की आधी ढिवराचं जाळं जप्त होतं. मला तसली बंदी नको आहे. घरच्या कालवणापुरते चार मासे धरणारी ढिवर बाई आणि रात्री करंट सोडून पोतं भरणारा यांना एका मापाने मोजू नका. दुसऱ्याचा धंदा आपल्या पैशावर चालतो. आपण घेतलं नाही तर त्याचं पोतं पडून राहील.

‘पर्यावरण हा आपला विषय नाही’ असं आपलीच पोरं म्हणतात तेव्हा राग येतो. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख नवेगावच्या जंगलात नोकरी केलेल्या मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाची आणि १२ सालिम अलींच्या.

जैवविविधता कायदा २००२चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगर परिषदेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. तुमच्या गावची समिती कुठे बसते, तिच्या नोंदवहीत चढणीचे नाले आहेत का, हे विचारायला जा. जाताना एखाद्या ढिवर काकांना सोबत घ्या, कोणता मासा कोणत्या नाल्याने चढतो ते त्यांनाच ठाऊक असतं. आणि मे महिन्यातच इमाम साहेबांना भेटा. रोहिण्या संपायच्या आत एका जुम्याला दहा मिनिटं या विषयावर बोला, अशी विनंती करा.